राधाकिशनची निद्रानौका

आमच्या गावात अंतराळयान असलेली माणसं दोनच होती. एक मी, दुसरा राधाकिशन. माझं यान तिसऱ्या खेळीत जळून खाक झालं, त्यामुळे माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. राधाकिशनच्या यानाला मात्र कुणी हात लावला नाही.

गाव पालमपासून दोन कोसांवर. जमीन कोरडवाहू, माणसं चिवट आणि रस्ता असून नसल्यासारखा. दसरा झाला की निम्मं गाव ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडं ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतं. मधले सहा महिने गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि माझ्यासारखे शिकणारे उरतात. तिघांच्या कामात फारसा फरक नसतो.

राधाकिशन पहिलीत माझ्याच वर्गात होता. आषाढात यायचा, दसऱ्याला जायचा. दिवाळीची सुटी संपली की हेडमास्तर हजेरीपट उघडत, त्याच्या नावावर लाल रेघ ओढत आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहीत, 'स्थलांतर. नाव कमी केले.' पाडव्यानंतर तो परत येई तेव्हा परीक्षा चार दिवसांवर असे. जूनमध्ये पुन्हा नाव घालायचं, दिवाळीनंतर पुन्हा रेघ. असं होत होत मी सातवी पास झालो तेव्हा तो पाचवीत होता आणि त्याला मिसरूड फुटली होती. पुढं मी नववीत गेलो त्या जूनमध्ये तो स्वतःच हेडमास्तरांकडं गेला आणि म्हणाला की यंदा नाव घालूच नका, म्हणजे कमी करायची तरी कटकट नको. हेडमास्तरांना ते पटलं. हा पोरगा समजूतदार आहे, असं त्यांनी आम्हाला वर्गात येऊन सांगितलं.

त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. ऊसतोडीत एकट्या माणसाला किंमत नाही. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. मुकादम विचारतो तेही 'किती माणसं' असं नाही, 'किती कोयते' असंच विचारतो. राधाकिशन आणि सारजाबाई असा एक कोयता तयार झाला. राधाकिशनच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत उसाच्या पाचटाचे बारीक ओरखडे कायमचे होते, मांजराशी रोज भांडण असल्यासारखे. अक्षर मात्र असं गोल आणि नीट, की आमच्या कॉलेजातल्या कुणाचं नव्हतं. पाटीवर जेवढं शिकला तेवढं त्यानं खर्च न करता ठेवलं होतं.

मी परभणीला बीएस्सी करत होतो, म्हणजे कॉलेज उघडं असेल तेव्हा. विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी एका बाजूचा बंद, कधी दुसऱ्या बाजूचा. एस. टी. थांबली की मी गावाकडं आणि पुस्तकं परभणीत. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात असाच एक बंद लागला आणि मी पुण्याहून आलेले सायक्लोस्टाइल केलेले अकरा कागद घेऊन फाट्यावरच्या पंडितच्या हॉटेलात बसलो. ते 'नक्षत्र-मोहीम' या खेळाचे नियम होते. देवस्थळे आडनावाचे कुणी इंजिनिअर घरबसल्या पोस्टानं तो खेळ चालवत. चाळीसेक खेळाडू, कुणी चाळीसगावचा डॉक्टर, कुणी कराडची शिक्षिका. प्रत्येकानं सुरुवातीला आपल्या यानाचा वर्ग निवडायचा, मग दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेच्या आत कार्डावर आपला हुकूम लिहून पाठवायचा. कुठल्या दिशेला जायचं, कुणाशी लढायचं, काय शोधायचं. देवस्थळे सगळ्यांचे हुकूम एकत्र करून गणित मांडत आणि काय घडलं ते प्रत्येकाला आंतर्देशीय पत्रानं कळवत. त्याला एक खेळी म्हणायचं.

राधाकिशननं ते अकरा कागद ओळीखाली अंगठा सरकवत वाचले. दोन चहा झाले, तिसरा थंड झाला. मग त्यानं विचारलं, हे खरंच असतंय का. मी म्हणालो, कागदावर असतं. तो म्हणाला, आपल्या सातबाऱ्यासारखं. आणि फॉर्म मागितला.

त्या पहिल्या खेपेला मी त्याला सल्ला दिला, आणि माझे सल्ले कसे असतात ते पुढं दिसेलच. यानांचे वर्ग चार होते. मी स्वतःसाठी लढाऊ घेतलं आणि त्याला टेहळणीचं घ्यायला लावलं, कारण ते सगळ्यात वेगवान. श्रावण ते दसरा पाच खेळ्या झाल्या. त्यात राधाकिशननं दोन नवे तारे शोधले. एकाला सारजाबाईचं नाव दिलं. देवस्थळ्यांनी ते सगळ्या खेळाडूंना छापून कळवलं, आणि पंडितनं हॉटेलात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, त्यामुळे आठवडाभर सारजाबाईला पाणवठ्यावर जाणं मुश्कील झालं. मग दसरा आला. ट्रक आला. उसाच्या फडात आज इथं पाचटाची कोपी, पंधरा दिवसांनी तिथं. पत्र यायचं कुठं आणि कार्ड टाकायचं कुठून? नियम असा होता की तीन खेळ्या हुकूम आला नाही तर यान बेवारस धरलं जाईल.

पाडव्यानंतर तो परत आला तेव्हा त्याच्या आईनं कणगीवर ठेवलेलं पत्र त्याला दिलं. ते घेऊन तो हॉटेलात आला. मी मान वाकडी करून वाचलं. देवस्थळ्यांचं टंकलेखन फार स्वच्छ. 'तीन खेळ्या आपला हुकूम न आल्याने आपले नाव मोहिमेच्या पटावरून कमी करण्यात आले आहे.'

"तितं बी पट हाय?" राधाकिशन म्हणाला.

एवढंच. पत्राची घडी घालून खिशात ठेवली आणि पाऊस लवकर येईल का, याबद्दल बोलायला लागला.

पुढच्या आषाढात देवस्थळ्यांनी दुसरी मोहीम काढली. मला वाटलं हा आता नाद सोडेल. तर तोच फॉर्म मागायला आला. मी म्हणालो, अरे, दसऱ्यापासून पुन्हा तेच होणार. तेव्हा त्यानं मला जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही, कारण राधाकिशन स्वतःबद्दल असं कधी बोलत नसे.

"जिंकायचं न्हाई मला," तो म्हणाला. "कुठल्या तरी एका पटावर माझं नाव शेवटापतोर राहू दे. बस."

आणि मग महिनाभर आमच्या गावात अंतराळयानाच्या वर्गावर जी चर्चा झाली तेवढी कुठल्या निवडणुकीत झाली नव्हती.

तात्याराव मुकादमाचं मत मालवाहू. तात्याराव आमच्याच गावचा, टोळी घेऊन जाणारा, पोट पुढं आणि आवाज त्याच्याही पुढं. त्यानं सांगितलं, "लढाईवाल्याला दोन दिस काम आन् चार दिस दवाखाना. मालवाल्याला बारा म्हैने काम. माल कुटं बी असतोय." मी लढाऊ यानाची बाजू मांडली. पंडित म्हणाला, पुन्हा टेहळणीचंच घे, आणखी एखादा तारा सापडला तर हॉटेलचं नाव दे. यावर राधाकिशन सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि अकरावा कागद काढून बसायचा, ज्यावर चौथ्या वर्गाची माहिती होती.

त्या वर्गाचं नाव निद्रानौका. मागच्या मोहिमेत चाळीसपैकी एकानंही ती घेतली नव्हती. देवस्थळ्यांनी खाली कंसात लिहिलं होतं, 'परीक्षार्थी व आजारी खेळाडूंसाठी.' तिच्यात बसलेली सगळी माणसं झोपलेली असतात. निघताना एकदाच दिशा द्यायची आणि किती खेळ्या जायचं ते सांगायचं. मध्ये हुकूम नाही, पत्र नाही, वळणं नाही, थांबणं नाही. तिच्यावर कुणी हल्ला करत नाही कारण लुटण्यासारखं काही नसतं. पण ती पार पडली तर जिथं कुणी जात नाही अशा ठिकाणी वसाहत करता येते, आणि वसाहत करणाऱ्याचं नाव कायमच्या पटावर चढतं. ते कधीच कमी होत नाही.

सारजाबाईला त्यानं हे घरी समजावून सांगितलं तेव्हा मी ओट्यावर होतो. ती भाकरी थापत होती.

"समदेच झोपले तर हाकतंय कोन?" तिनं विचारलं.

"कोनीच न्हाई. एकदा तोंड धरून दिलं की सरळ जायलंय."

"आन् मदी काई आडवं आलं तर?"

"मदी काईच न्हाई. लय मोठी रिकामी जागा हाय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "सहा म्हैने झोप," ती म्हणाली. "मला बी बसवा त्याच्यात."

मी हसलो. ती हसली नव्हती, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

राधाकिशननं दसरा ते पाडवा असा हिशेब केला. पंधरा ऑक्टोबरची पहिली खेळी, एक एप्रिलची बारावी. बाराव्या खेळीला नौका पोचणार, तोवर तो गावात हजर, मग फक्त उतरण्याचा हुकूम तेवढा पाठवायचा. असं बेमालूम बसलं होतं की मला हेवा वाटला. चाळीस शिकलेल्या माणसांमध्ये ह्या एकाला आपलं आयुष्य आणि आपलं यान एका मापाचं मिळालं होतं.

फॉर्म त्यानं माझ्यासमोर भरला. पत्रव्यवहाराच्या पत्त्यापाशी तो थांबला. मी म्हणालो, माझा पत्ता घाल, काही आलं तर मी ठेवीन.

"तुजा कामून? तू लढाईवाला. माझ्या कागदावर तुजी नजर नको."

हे त्यानं गमतीनं म्हटलं. मीही गमतीनं म्हणालो की झोपलेल्या माणसाला लुटून मला काय मिळणार, चादर? मग त्यानं आपल्या त्या गोल अक्षरात लिहिलं, 'निद्रानौका असल्यामुळे एक एप्रिलपर्यंत पत्राची गरज नाही.' वाचून दाखवलं. त्या वाक्यावर तो खूश होता. जन्मात पहिल्यांदा असं झालं होतं की सहा महिने गैरहजर राहायची सोय नियमातच होती.

दसऱ्याला ट्रक गेला. माझं लढाऊ यान कराडच्या शिक्षिकेनं नोव्हेंबरच्या मध्याला उडवलं. त्या बाईंचं कौतुक केलं पाहिजे, पण आत्ता नको.

नाताळाच्या सुटीत मी गावी होतो तेव्हा पोस्टमननं एक आंतर्देशीय आणून दिलं. देवस्थळ्यांना मस्कतला नोकरी लागली होती. जानेवारीत निघायचं होतं. त्यामुळे पाचव्या खेळीनंतर मोहीम बंद करण्यात येत होती. पट बंद, नकाशे बंद, सर्व खेळाडूंचे मनःपूर्वक आभार. आणि शेवटी दोन ओळी हातानं लिहिलेल्या. 'निद्रानौकेचे जे एक खेळाडू आहेत त्यांनी पत्र नको असे कळवले असल्याने त्यांना वेगळे लिहीत नाही. ते आपल्याच गावचे दिसतात. कृपया सांगावे.'

मी लगेच कार्ड लिहायला घेतलं. तात्याराव मुकादमाच्या टोळीत, अमुक कारखाना, शेती खातं, एवढ्या पत्त्यावर पत्र कधी कधी पोचतं. 'प्रिय राधाकिशन' असं लिहिलं. त्याच्या पुढं काय लिहायचं ते सुचेना. मोहीम बंद झाली, हे तीन शब्द आहेत. मला ते चार दिवसांत जमले नाहीत. कार्ड शर्टाच्या खिशात राहिलं.

संक्रांतीला तात्याराव गावात आला. टोळीतले दोन कोयते आजारी पडले होते, नवे न्यायचे होते. पंडितच्या हॉटेलात चहा पिताना तो स्वतःच सांगायला लागला. राधाकिशननं म्हणे कोपीच्या मेढीवर, म्हणजे मधल्या खांबावर, कोयत्यानं खुणा करायला सुरुवात केली आहे. फडात तारखा कुणाला ठाऊक नसतात म्हणून अमावास्या आणि पुनवेला एकेक खूण. आधी बाया हसल्या. मग कमलबाईनं, म्हणजे टोळीतल्या सगळ्यात वयस्कर बाईनं, विचारलं की त्या यानात जागा किती. राधाकिशन म्हणाला, उतरताना माणसांची यादी द्यायची असते. तर कमलबाईनं आपलं आणि आपल्या नवऱ्याचं नाव घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोपीतलं जोडपं आलं. आता बाराही कोयते यादीत आहेत. संध्याकाळी मोळ्या टाकून आले की एकमेकांना विचारतात, आज कुटपतोर आलो.

"येड्याचा बाजार झालाय नुसता," तात्याराव म्हणाला. मग बशी खाली ठेवली, इकडंतिकडं बघितलं. "माजं बी नाव टाकलंय म्हना. मुकादम लागतोच की तितं बी."

देवस्थळ्यांचं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. हात लावला तर कागद वाजला असता इतकं जवळ. मी सांगणार होतो. तात्याराव दुसरा चहा मागवेल तेव्हा सांगू, असं ठरवलं. त्यानं दुसरा चहा मागवला नाही. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारायला लागला आणि तो उठून गेला. मी पंडितकडं बघून काहीतरी विनोद केला. कुठला ते आठवत नाही. त्या दिवसांत मला सारखे विनोद सुचत.

पाडवा झाला. पाचव्या दिवशी ट्रक परत आला. ट्रक आला की माणसं आधी घरी जातात, सामान उतरवतात, अंगावर दोन तांबे पाणी घेतात. राधाकिशन भर दुपारी थेट माझ्याकडं आला. पाय धुळीनं पांढरे, तोंड वाळलेलं. हातात पोस्टकार्ड. कारखान्याच्या पोस्टातनं घेतलेलं, पत्ता घालून तयार. उतरण्याचा हुकूम आणि खाली बारीक, गोल अक्षरात पंचवीस नावं. सारजाबाई, कमलबाई, केशरबाई, गीताबाई, सगळ्यांचे नवरे. एवढ्याशा कार्डावर त्यानं ती कशी बसवली देव जाणे. तात्याराव मुकादम सगळ्यात शेवटी होता, समासात उभा.

एवढंच बघून दे, म्हणाला. नियमाप्रमाणं बरोबर आहे ना. आजच्या गाडीनं टाकतो.

मी बरोबर आहे म्हणालो. मग सांगितलं.

तो ओट्याच्या कडेला बसला. मी आतून पाणी आणलं, ते त्यानं बाजूला ठेवलं.

"कवा बंद झालं?"

"पाचव्या खेळीला. डिसेंबरात."

त्यानं बोटांवर मोजलं. त्याच्यानंतर मेढीवर सात खुणा झाल्या होत्या. मोजून झाल्यावर बोटं तशीच धरून ठेवली.

"तुला कवा कळलं?"

"तेव्हाच."

"आन् तात्याराव आला व्हता संक्रांतीला."

"आला होता."

बोटं त्यानं अजून सोडली नव्हती. मला ते सहन होईना. अशा वेळी माणसानं तोंड बंद ठेवावं, पण मला सवय वेगळी. मी हसून म्हणालो, "तूच लिहिलं होतंस ना फॉर्मवर, पत्राची गरज नाही म्हणून."

मला वाटलं होतं तो शिवी देईल. द्यायला पाहिजे होती. त्यानं मान डोलावली, हेडमास्तरांसमोर डोलावली असेल तशी.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "मीच लिव्हलं व्हतं. तुमची काई चुकी न्हाई त्याच्यात."

थोड्या वेळानं विचारलं, पट कुठं असेल आता. मी म्हणालो, देवस्थळ्यांनी रद्दीत दिला असेल नाहीतर जाळला असेल, मस्कतला कशाला नेतील. म्हणजे रेघ ओढली नसेल, तो म्हणाला. मी म्हणालो, नसेल. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला की रेघ ओढायला कुणीतरी वही उघडावी लागते. मग कार्डावरच्या नावांकडं बघत राहिला. ह्यांना काय सांगू, हे त्यानं मला विचारलं की स्वतःला, ते कळलं नाही.

तो गेला. कार्ड ओट्यावर राहिलं. मी दोनदा हाक मारली.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो हॉटेलात आला नाही. रस्त्यात भेटला की पाऊसपाणी बोलायचा. श्रावणात नाशिकच्या कुणी तसाच खेळ सुरू केल्याचं मला कळलं. मी त्याचे कागद मागवले आणि एक फॉर्म त्याच्या घरी नेऊन दिला. वर्ग सहा होते, निद्रानौका नव्हती. त्यानं उभ्या उभ्या पहिला कागद वाचला, अंगठा न सरकवता, आणि परत दिला. तुमी खेळा, म्हणाला. आत सारजाबाई खोकत होती. गेल्या हंगामापासून तिला ते लागलं होतं.

दसरा झाला. मी परभणीला निघालो होतो, बॅग घेऊन फाट्यावर उभा, आणि समोर ट्रक भरणं चाललेलं. गाठोडी, हंडे, कोंबड्यांची पाटी, बांबू. कमलबाई आपलं गाठोडं वर द्यायला कुणी रिकामं आहे का बघत होती. मी पुढं होऊन दिलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं निरखून बघितलं.

"तुमीच का ते कॉलेजचे? पुन्याचं पत्र तुमाला आलं म्हनं. राधाकिशन सांगत व्हता."

मी ट्रककडं बघितलं. राधाकिशन फाळक्यावर चढून दोर ताणत होता. त्याची पाठ माझ्याकडं होती. दोर ताणून झाला होता तरी तो ताणतच होता.

"आलं होतं," मी म्हणालो.

"आमी उतरलो म्हनं समदे. पाडव्यालाच."

"हो. उतरलात."

"पानी हाय का तितं?"

"आहे."

"जवळ हाय का? का दूर जावं लागतंय?"

"कोपीच्या दारातच आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. समाधान झालं की नाही ते तोंडावरनं कळलं नाही. मग तात्यारावानं कोयते मोजायला सुरुवात केली आणि ती चाकावर पाय देऊन वर चढायला लागली. तिचा गुडघा दुखत होता. राधाकिशननं खाली हात देऊन तिला वर ओढून घेतलं, सारजाबाईच्या शेजारी बसवलं आणि फाळका लावला.